कथेतला नवरा फारसं काही करत नाही

आदरणीय ताई,

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वय ४३. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा स्त्रीवादी साहित्याचा पेपर गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. पत्नी पदवीधर आहे, घरीच असते, अधूनमधून लिहिते. यंदा तिची एक कथा जिल्ह्यातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकात आली. मला ती छापून आल्यावरच कळली.

कथेतली सून अकरा वर्षं सगळ्यांच्या शेवटी जेवते. सासू फुगलेली भाकरी मुलाच्या ताटात टाकते आणि न फुगलेली सुनेसाठी बाजूला ठेवते. या सासूच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण आहे. माझ्या आईच्या हनुवटीवरही आहे. आत्याने अंक वाचला आणि लगेच आईला फोन केला. आई ६८ वर्षांची, चौथी शिकलेली. तिने कथा वाचलेली नाही. पण तेव्हापासून ती आमच्याबरोबर जेवायला बसत नाही. 'मी इतकी वाईट होते का?' एवढंच म्हणते. चुलतभाऊ म्हणाला, घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं.

मी पत्नीवर रागावलो नाही. इतकंच म्हणालो, की खुशाल लिही, पण छापायला देण्याआधी मला दाखवत जा, नाहीतर टोपणनाव घे. तेव्हापासून तिची वही बंद आहे. पूर्वी रात्री सगळं आवरल्यावर स्वयंपाकघरात बसून लिहायची. आता माझ्याशी कामापुरतंच बोलते.

कथेतला नवरा फारसं काही करत नाही, त्यामुळे मला स्वतःला कथेचा काही त्रास नाही. पण आईचं वय पाहता पत्नीने एकदा तिची माफी मागावी आणि विषय संपवावा, असं वाटतं. मी स्वतःला पुरोगामी समजतो. माझं काही चुकतंय का? कथेची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

— मराठीचा एक प्राध्यापक, सोलापूर जिल्हा

*

सर,

झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. नाहीतर मीही तुमच्या आत्याबाईंसारखीच ऐकीव माहितीवर बोलले असते.

कथा दोनदा वाचली. पहिल्यांदा सासूसाठी वाचली, कारण तुमचं सगळं पत्र तिच्याविषयी होतं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि नवरा जिथे जिथे बोलतो तिथे खूण केली. नऊ खुणा झाल्या. नऊही ठिकाणी तो एकच वाक्य बोलतो: 'जाऊ दे ना.' दूध उतू गेल्यावर सासू बोलते, तेव्हा 'जाऊ दे ना'. माहेरी जायचं तिसऱ्यांदा रद्द होतं, तेव्हा 'जाऊ दे ना'. शेवटच्या पानावर ती ताटावर बसते, टोपल्यात हात घालते, तर एकच भाकरी उरलेली आणि तीही चिरलेली. तो मोरीवर हात धुता धुता ते पाहतो. तिथे तर तो एवढंही म्हणत नाही. नळ बंद करतो.

तुम्ही लिहिता, कथेतला नवरा फारसं काही करत नाही, म्हणून मला त्रास नाही. सर, तुम्ही मराठी शिकवता. एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत हे वाक्य लिहिलं असतं, तर तुम्ही समासात लाल शाईने काय लिहिलं असतं? ही कथा सासूची आहे असं आत्याबाईंना वाटलं, कारण त्यांना गोंदण ओळखू आलं. चुलतभावालाही तसंच वाटलं. तुम्हाला तसं वाटणं सोयीचं होतं. सासूच्या अंगावर निदान एक खूण तरी आहे. नवऱ्याच्या अंगावर ओळखू येईल असं लेखिकेने काही ठेवलेलंच नाही. नाव नाही, गाव नाही, चष्मा नाही. फक्त एक वाक्य आहे, आणि ते तुम्ही दिवाळीपासून किती वेळा म्हणालात ते आठवून पाहा. 'एकदा माफी मागून विषय संपवावा' हे त्याच वाक्याचं लांबवलेलं रूप आहे.

आता आईंकडे येते, कारण तुमच्या घरात आत्ता सगळ्यांत एकट्या त्याच आहेत.

त्यांनी एक प्रश्न विचारला: मी इतकी वाईट होते का? सगळ्या प्रकरणात खराखुरा प्रश्न हा एकच. आत्याबाईंनी बातमी दिली, भावाने निकाल दिला, तुम्ही तोडगा काढलात. प्रश्न फक्त या चौथी शिकलेल्या बाईंनी विचारला, आणि उत्तर कुणीच दिलं नाही. तुम्ही ते बायकोवर ढकलताय. तिने माफी मागितली की उत्तर आपोआप 'नाही' असं होईल, असा हिशोब आहे. पण हे उत्तर बायकोने द्यायचंच नाही. फुगलेली भाकरी कुणाच्या ताटात पडत होती? ती खाणाऱ्याने द्यायचं.

मी आईंच्या बाजूने बोलतेय असं वाटलं तर वाटू द्या. थोडी बोलतेच आहे. त्या सून होत्या तेव्हा टोपल्यात काय उरायचं, हे तुम्ही कधी विचारलंत? मला अंदाज आहे. सासू झाल्यावर घरात त्यांच्या हातात सत्ता आली ती एवढीच: कोणती भाकरी कुणाला. शेत त्यांच्या नावावर नव्हतं, घर नव्हतं, कुणाचं लग्न कुठे करायचं हेही त्यांना कुणी विचारलं नसेल. तव्यापासून टोपल्यापर्यंतचं दोन हातांचं राज्य. ते त्यांनी जसं शिकवलं गेलं तसं चालवलं. ते चुकीचंच होतं, आणि कथेत ते आलं हे बरंच झालं. पण ते राज्य ज्याच्यासाठी चालत होतं तो मोरीवर हात धुऊन मोकळा, आणि दोन बायका एकमेकींसमोर उभ्या. ही मांडणी फार जुनी आहे. भोंडल्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं आठवा. माहेरी जायचं म्हणून सून परवानगी मागते आणि सासू एकेक अट घालत राहते: बी पेर, वेल येऊ दे, फूल येऊ दे. त्या गाण्यातही नवरा फारसं काही करत नाही.

आणि 'चव्हाट्या'बद्दल. तुमचे भाऊ म्हणतात तसं हे पहिल्यांदा घडतंय असं नाही. तुमच्या आजीने पहाटे जात्यावर बसून सासूबद्दल, नणंदेबद्दल, नवऱ्याबद्दल जे म्हटलं असेल, ते या कथेहून नक्कीच तिखट होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लेकीचा जन्म, सासुरवास, नवऱ्याचा मार, भावाची वाट पाहणं, पांडुरंगाशी भांडण, सगळं त्यात आहे. घराण्याची अब्रू गेली असं तेव्हा कुणी म्हटलं नाही, कारण ते पहाटे चारला चालायचं, पुरुषमाणसं झोपलेली असायची आणि जात्याची घरघर वर असायची. शिवाय ओवीखाली नाव नसतं. बाईने गाऱ्हाणं केलं तर चालतं, ते विरून जाणार असेल तर. कागदावर उतरलं, खाली नाव आलं, अंकाला किंमत पडली, की मग गोंदण शोधायला सुरुवात होते.

म्हणून तुमचा टोपणनावाचा सल्ला मला खटकला. विभावरी शिरूरकर तुम्ही शिकवता. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला हे तुम्ही वर्गात रंगवून सांगत असणार. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं एवढंच त्या कथांमध्ये होतं. पण कथांवरच्या चर्चेइतकीच चर्चा ही बाई कोण, ती बाई आहे तरी का, हे शोधण्यावर खर्च झाली. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. स्वतःच्या नावाने समोर यायला त्यांना बरीच वर्षं लागली. त्यांनी टोपणनाव घेतलं ते स्वतःच्या अक्कलहुशारीने, आपली नोकरी आणि आपलं जगणं सांभाळून लिहिता यावं म्हणून. तुम्ही ते सुचवताय ते चुलतभावाला बरं वाटावं म्हणून. तुमच्या पत्नीला उद्या स्वतःला टोपणनाव घ्यावंसं वाटलं तर तिने जरूर घ्यावं, आणि ते काय घेतलं हे तुम्हालाही सांगू नये.

याच्या उलट बाजूही बघा. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली ती आपल्या 'करमणूक' साप्ताहिकातून, १८९०पासून. आख्खी कादंबरी यमूच्या तोंडून आहे, एका मुलीच्या, मग सुनेच्या, मग विधवेच्या 'मी'तून. सासरचं सगळं त्यात आहे, केशवपनासकट. ही यमू कुठल्या घरची, तिची सासू कोण, हरिभाऊंनी कुणाच्या घरचं भांडण चव्हाट्यावर आणलं, असा शोध घेत कुणी फिरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पुरुषाने बाईचं दुःख लिहिलं, ती मराठीतली थोर कादंबरी झाली. थोर आहेच, मला फार आवडते. पण तेच 'मी' खरोखरच्या बाईने लिहिलं की वाचक आधी हनुवटी तपासतो. आणि हो, कादंबरीच्या नावातच प्रश्न आहे. तुम्ही तर लक्षात घेण्याचा पगार घेता.

आता ताराबाई शिंद्यांचं सांगते. हा धडा तुम्ही शिकवता तेव्हा बहुधा पहिल्या अर्ध्यावर थांबता.

पहिला अर्धा सगळ्यांना ठाऊक असतो. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. त्यावरून वर्तमानपत्रांमध्ये बायकांच्याच चालचलणुकीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी ते वाचलं आणि पुढच्या वर्षी, १८८२ला, पुण्यात 'स्त्रीपुरुष तुलना' छापून घेतलं. स्वतःच्या नावाने. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांमध्ये नाहीत का, हा एकच प्रश्न त्यांनी उलटापालटा करून, चिडून, हसत, अस्सल घरगुती भाषेत विचारला. नाटका-कादंबऱ्यांमधून बायकांना कपटी आणि चवचाल रंगवणाऱ्या लेखकांनाही सोडलं नाही. बाई पुस्तकात कशी दाखवली जाते आणि घरात कशी वागवली जाते, ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत, हे त्यांनी १८८२ साली ओळखलं होतं. आपल्याकडे त्यावर चर्चासत्रं व्हायला पुढे शंभर वर्षं लागली.

उरलेला अर्धा असा. प्रती निघाल्या पाचशे. टीका करणाऱ्यांमध्ये परके होते तसे आपलेही होते. ताराबाईंचे वडील सत्यशोधक समाजातले, आणि त्या चळवळीतल्याच काही मंडळींनाही बाईचा हा आवाज झेपला नाही. जोतिराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात ताराबाईंची बाजू घेतली, आपल्याच माणसांना सुनावलं. पण ताराबाईंचं त्यानंतर दुसरं काही छापलेलं मिळत नाही. पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापलं तेव्हा हाती आलं. मधे त्र्याण्णव वर्षं.

ताराबाई का थांबल्या, कुणी त्यांना 'आधी दाखवत जा' म्हणालं होतं का, हे कुठे नोंदलेलं नाही. तुमच्या घरातलं मात्र नोंदलेलं आहे, तुमच्याच पत्रात, तारखेसकट म्हणावं इतकं. 'तेव्हापासून तिची वही बंद आहे.' तुम्ही रागावला नाहीत, आवाज चढवला नाही, हात उचलला नाही. तरी वही बंद झाली. पुढच्या वर्षी वर्गात 'स्त्रियांच्या लेखनात खंड का पडतो' हा मुद्दा घ्याल, तेव्हा पाठ्यपुस्तक उघडायची गरज नाही.

तुम्ही मुद्दाम वाईट वागलात असं मी म्हणत नाही. न्यायमूर्ती रानडे काही लहान माणूस नव्हते. विधवाविवाहाचा एवढा कैवार घेतलेला माणूस. पहिली पत्नी वारली तेव्हा, १८७३ साली, आता हे विधवेशी लग्न करणार असं सगळ्यांना वाटलं होतं. वडिलांचं मन मोडवेना म्हणून एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पुढे रमाबाईंना त्यांनी जीव लावून शिकवलं. पण शिकते म्हणून घरातल्या बायका टोचून बोलायच्या, ते रमाबाईंनी सोसायचं आणि उलट बोलायचं नाही, ही शिकवणही त्यांचीच. रमाबाईंच्या आठवणी वाचताना मला दर वेळी वाटतं, की या सभा गाजवणाऱ्या माणसाने एकदा माजघरात जाऊन चार वाक्यं बोलायला हवी होती. बाहेर बोलणं सोपं असतं, तिथे आई समोर बसलेली नसते.

'आधी मला दाखवत जा' याचा अर्थ तुमच्या पत्नीला बरोबर कळला आहे. तुमचे शोधनिबंध छापायला जाण्याआधी तुम्ही तिला दाखवता का? दाखवत असाल तर मी हा परिच्छेद मागे घेते. आणि कथा छापून आल्यावरच कळली हे तुम्हाला लागलंय, ते पत्रात दिसतंय. लागणारच. पण तिने का सांगितलं नाही? छापण्याआधी सांगितलं तर काय होईल हे तिला माहीत होतं. तुम्ही काय केलं असतं हे तुम्ही नंतर करूनच दाखवलंत.

फलटणच्या बेबी कांबळेंनी 'जिणं आमुचं' लिहिलं ते दुकानात बसून, गिऱ्हाइकं सांभाळता सांभाळता. नवऱ्यापासून आणि मुलापासून सुमारे वीस वर्षं लपवून ठेवलं. १९८२ला ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं, १९८६ला पुस्तक झालं. महार वस्तीतल्या बायकांचे हाल, घरातला मार, उपास, बाळंतपणं, बाबासाहेबांच्या शब्दाने पेटलेली माणसं, सगळं त्यात आहे. पण नवऱ्याचा संशय आणि त्याने केलेली मारहाण त्यांनी पुस्तकात घातलीच नाही. ते पुढे मुलाखतीत सांगितलं. एवढी धीट बाई, एवढ्या वर्षांची लपवाछपवी, आणि तरी कागदावर नवऱ्यापाशी आली की पेन वळलं. मला हे पुस्तकातल्या कुठल्याही प्रसंगाइतकंच अंगावर येतं.

तुमच्या पत्नीने पेन वळवलं नाही. मात्र नवऱ्याला चेहरा दिला नाही. हा तिचा संकोच म्हणा, दया म्हणा. तुम्ही तो सोय म्हणून वापरलात.

इथे मला तिच्या विरुद्ध एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलायचा मला अधिकार आहे कारण माझ्या हातूनही ती झाली आहे. तीन ठिपके नको होते. कथेला त्यांची गरज नव्हती. सासू त्या भाकऱ्यांमधून पुरती उभी राहते. गोंदण हे केवळ माहीत होतं म्हणून आलंय, आणि त्यामुळे वाचणाऱ्याचं बोट भाकरीवरून हनुवटीवर गेलं. मी तिशीत असताना मावशीवर लिहिलं होतं. नाव बदललं, गाव बदललं, पण तिची नाकात बोलायची लकब तशीच ठेवली, कारण ती मला फार छान जमली होती. मावशीने वाचलं. काही बोलली नाही. फक्त पुढे कधी फोनवर आली नाही, दर वेळी पोरांना द्यायची. ती गेली तेव्हा मी गेले, दहाव्यालाही गेले. त्या लेखात लिहिलेलं सगळं खरं होतं आणि मी ते आजही खोडणार नाही. ती लकब मात्र खोडेन. तेव्हा कुणा संपादकाने मला हे सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. नवऱ्याने सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, आणि बरोबर केलं असतं. म्हणून हे तुम्ही तिला सांगू नका. हे पान तिच्या हाती लागलंच तर तिचं ती वाचेल.

आता काय करायचं.

आत्याबाईंना फोन करा. तुम्ही करा, बायकोला करायला लावू नका. त्यांना विचारायचं, 'आत्या, शेवटच्या पानावर काय झालं ते आईला सांगितलंस का?' सांगितलेलं नसणार. भावाशी वाद घालू नका, त्याच्याकडून फक्त अंक परत मागून घ्या.

मग पत्नीला सांगा, की 'आधी मला दाखव' हे मी मागे घेतो. इतकंच. त्यामागे भाषण नको, ताराबाई नको, माझं नाव तर नकोच. आणि कृपा करून ही कथा वर्गात शिकवायला घेऊ नका. 'माझ्या पत्नीची कथा' म्हणून विद्यार्थ्यांपुढे वाचून दाखवायचा मोह तुम्हाला होईल, तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं. तो आवरा. ती लगेच बोलायला लागेल असं नाही. दोन महिन्यांचा अबोला एका वाक्याने सुटत नाही.

तुम्ही लिहिलंत, ती सगळं आवरल्यावर स्वयंपाकघरात बसून लिहायची. घरात टेबल एकच असणार आणि त्यावर तुमच्या उत्तरपत्रिका. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जात होती. तेच काम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि मुळात दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६. 'सगळं आवरल्यावर' म्हणजे या २९९ मिनिटांनंतर. तिची कथा आठ पानांची आहे. ती किती रात्री लिहिली असेल याचा अंदाज करा. टेबल रात्री नऊनंतर तिचं. उत्तरपत्रिका ओट्यावर तपासता येतात, ओटा चांगला उंच असतो.

माफीचं आता. पत्नीने मागायची नाही. आईंशी तुम्ही बोलायचं, एकट्याने, आत्ता त्या वेगळ्या जेवायला बसतात ना, त्यांच्या त्या पंगतीला जाऊन. त्या पुन्हा विचारतील, मी इतकी वाईट होते का. 'नाही गं आई' असं घाईने म्हणू नका. ते पुन्हा 'जाऊ दे ना'च होईल, दहाव्यांदा. म्हणा की भाकरी मला मिळत होती, मला दिसत होतं आणि मी बोललो नाही. मग त्यांना विचारा, तुला कुणी वाढायचं? आणि गप्प बसा. त्या लगेच बोलतील किंवा आठ दिवसांनी बोलतील. बोलल्या तर मधे तोंड घालू नका.

आईंनी कथा ऐकायला हवी, असं मला वाटतं. फोनवरून आलेली कथा आणि छापलेली कथा यांत फार फरक आहे, आणि आपल्यावर काय लिहिलंय हे न वाचता दोन महिने एकटीने वेगळं जेवणं ही त्या बाईंना शिक्षाच झाली. पण कथा तुमची नाही. वाचून दाखवू का, असं आधी पत्नीला विचारा. ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली, तर पूर्ण वाचा, नळ बंद करण्यापर्यंत. गोंदणाचं वाक्य गाळू नका, तिथे आवाजही खाली आणू नका.

आणि त्या दिवशी स्वयंपाक तुम्ही करा. पिठलं येत असेल, नसेल तर शेंगाचटणी घरात असतेच. भाकरीचं पीठ कोमट पाण्यात मळायचं, काठवटीत थापताना कड फाटू द्यायची नाही, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. बाकीचं आईंना विचारा, त्यांच्याइतकं ते कुणालाच येत नाही, आणि त्या निमित्ताने तुमच्याशेजारी येऊन बसतील. पहिल्या चार-पाच फुगणार नाहीत. त्या तुमच्या ताटात.